पहिला काप

मंगळवार, ३

ही वही पोरीने मागे कधीतरी दिली होती, आज तिला पहिल्यांदा शाई लागली. गावच्या शाळेत आमचे गुरुजी म्हणायचे, मन गढूळ झालं की लिहावं, गाळ खाली बसतो. बघू या.

काल कारखान्यात जे झालं ते सरळ लिहितो. कपडे शिवण्याच्या आमच्या कारखान्यात नवा मास्टर नेमला की एक रीत पाळतात. कापडाचं नवं थान उलगडतात, सगळे हातातलं काम ठेवून उभे राहतात, आणि सगळ्यात जुना कापणारा आपली कात्री नव्या मास्टरच्या हाती देतो. तो पहिला काप घेतो. मग चहा. आता सगळ्यात जुना मी आहे, आणि मालकांनी मास्टर नेमलं ते त्याला.

त्याला खडू धरायला मी शिकवलं. उभा धागा कोणता, आडवा कोणता, हे त्याच्या बोटाला मी शिकवलं. काल तो माझ्यापुढे हात करून म्हणाला, "दादा, कात्री." मी दिली नाही. सगळे बघत होते. थोडा वेळ थांबून त्याने ती टेबलावरून स्वतःच उचलली, काप घेतला आणि परत जागेवर ठेवली. काप सरळ आला, ते मान्य करायला हवं.

मी फडकं ओलं केलं आणि कात्रीच्या मुठी पुसल्या. पुसताना दोन शब्द बोललो. एवढंच. आपलं हत्यार पुसणं हा गुन्हा आहे का?

चहा कोणी प्यायला नाही.

एक ठरवलं आहे. मी त्याला मास्टर म्हणणार नाही. या वहीतसुद्धा नाही.

गुरुवार, ५

त्याने पोलिसांत तक्रार दिली. जातीवरून अपमान केल्याची. त्यासाठीचा वेगळा कायदा आहे, त्याखाली. मालकांनीच फोन करून सांगितलं आणि म्हणाले, "काही दिवस येऊ नका." आवाज असा, जणू शिळा माल परत पाठवताहेत.

वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी समजावलं ते असं. अटक होण्याआधीच कोर्टाकडून संरक्षण घ्यायचं, त्याला अटकपूर्व जामीन म्हणतात. पण या कायद्यात तो मुळात देत नाहीत. तक्रार वाचूनच त्यात तथ्य नाही असं न्यायाधीशांना पटलं, तरच दार किलकिलं होतं. नाहीतर कोठडी. अर्ज उद्या दाखल करू म्हणाले. सुनावणी लागेपर्यंत घरी झोपू नका. आणि त्याला भेटायचं नाही, फोन करायचा नाही, माफी तर मुळीच मागायची नाही. "माफी मागितली म्हणजे कबूल केलं."

मी म्हटलं, "माफी मागायचा प्रश्नच नाही. त्याला पुढचं टेबल दिलंय, साहेब. पंख्याखालचं."

ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले.

तक्रारीची प्रत वाचली. माझ्या तोंडी जे वाक्य घातलं आहे ते इथे उतरवणार नाही. इतकं लांबलचक मी बोललोच नसेन. दोन शब्द होते.

शुक्रवार, ६

मेहुण्याच्या गाद्यांच्या दुकानात मुक्काम. सकाळी शटर वर करत म्हणाला, "दाजी, झोप लागली ना? प्लास्टिक फाडलं नाहीत ना? ती गादी बुक झाली आहे." रात्रभर कुशीवर वळलो की ते प्लास्टिक कुरकुरत होतं. त्याला सांगितलं नाही.

अर्ज दाखल झाला. सोमवारी त्यावर काहीतरी होईल म्हणतात.

सकाळची प्रार्थना दुकानाच्या मागच्या बाजूला, गुंडाळलेल्या गाद्यांच्या आडोशाला केली. स्वतःसाठी काही मागितलं नाही. ती माझी सवय नाही. एवढंच म्हटलं की देवा, त्याला त्याची जागा कळू दे.

शनिवार, ७

मेहुण्याचा कोट दुकानात खुंटीला असतो. गिऱ्हाईक मोठं असलं की घालतो. आज जवळून पाहिला. खांदा बघताच ओळखलं.

"हा कोणी कापला?"

"आता तुम्हीच ओळखलंत तर कशाला विचारता, दाजी?"

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्हीच कापला असता." मग मान खाजवत म्हणाला, "तुमच्या हातचा कोट अंगाला बसतो हो. त्याच्या हातचा मनाला बसतो."

दुपारी तो जेवायला गेला तेव्हा मी कोट खाली काढला आणि उलटा केला. अस्तर, बाही जिथे जोडतात ते मुंढे, कॉलरखालचा भाग, सगळं उजेडात धरून पाहिलं. खोट शोधत नव्हतो. आपण शिकवलेलं माणूस कसं काम करतं हे बघावंसं वाटतंच ना. मुंढा नीट होता. बाही लोंबत नव्हती. पाठीच्या शिवणीत भरपूर कापड आत सोडलेलं दिसलं, म्हणजे पुढे माणूस सुटला तर कोट ढिला करता यावा. हे मी शिकवलेलं. बाकी कोणी करत नाही, कापड वाया जातं म्हणून. त्या कोटात चांगलं म्हणावं असं तेवढंच आहे.

मेहुणा आला तेव्हा कोट माझ्या मांडीवर होता. "दाजी, खिशात काही नाही. मी आधीच काढून घेतलंय."

सोमवार, ९

सुनावणी होईपर्यंत अटक करू नये, असा तात्पुरता हुकूम मिळाला. सुनावणी वीस तारखेला. तोवर पोलीस ठाण्यात हजेरी द्यायची आणि साक्षीदारांच्या वाटेला जायचं नाही. घरी आलो. हिने दार उघडलं, पाणी दिलं.

हजेरी द्यायला ठाण्यात गेलो तर तो तिथेच होता, जबाबासाठी. त्याला खुर्ची दिली होती. मी बाकावर. ठाण्याच्या अंमलदाराने त्याला विचारलं, "मास्टर, पाणी घेणार?" पोलिसांचा आणि कोटांचा काय संबंध? पण तेही त्याला मास्टर म्हणतात. मला म्हणाले, "ओ, तिकडे सरका."

त्याने माझ्याकडे पाहिलं, पण रागाने नाही. एखाद्या गिऱ्हाइकाचं माप घेताना बघतात तसं. ते मला सहन झालं नाही.

बुधवार, ११

वकीलसाहेबांकडे प्रतिज्ञापत्र. ते म्हणाले, आपल्याकडे दोन मुद्दे आहेत. पहिला, कापणाऱ्याची कात्री त्याच्या हाताला लागलेली असते, ती तो कोणालाच देत नाही, दुसऱ्याचा हात लागला की पुसतो. धंद्याची रीत आहे, जातीचा संबंध नाही. मी म्हटलं, बरोबर. कापणारा कात्री कोणाला देत नाही, हे खोटं नाही. एरवी देत नाहीच.

"आणि दुसरा मुद्दा," ते म्हणाले, "तुम्ही त्याच्यावर जळत होता."

"मी?"

"तुम्हाला डावलून त्याला बढती दिली. तुमचा जळफळाट झाला. त्या जागी कोणीही असता तरी तुम्ही तसंच वागला असता. मत्सर हा काही गुन्हा नाही, काका. उलट तोच तुम्हाला वाचवेल."

मी सांगितलं, मी रोज प्रार्थनेला बसणारा माणूस आहे. आयुष्यात कोणाच्या ताटाकडे पाहिलं नाही. जळणं माझ्या स्वभावात नाही.

वकीलसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "काका, तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हापासून त्याचा पगार, त्याचं टेबल, त्याचा पंखा, ठाण्यातली त्याची खुर्ची, सगळं मला सांगून झालंय. कलम कोणतं लागलंय हे तुम्ही अजून एकदाही विचारलेलं नाही."

सही केली. 'अर्जदाराच्या मनात फिर्यादीविषयी व्यावसायिक असूया होती.' वाचून अंगावर चुकीच्या मापाने शिवलेला कपडा चढवल्यासारखं वाटलं. कोठडी टाळायची म्हणून सही केली. खरं म्हणून नाही.

शनिवार, १४

कारखान्यात काज करणारी मावशी रस्त्यात भेटली. मी वाट बदलायला हवी होती, वकिलांनी बजावलं आहे. पण तिनेच हाक मारली. त्या सकाळी ती माझ्या डाव्या हाताला उभी होती.

"काका, वाळलात हो."

"तुला कोणी विचारायला आलं होतं का?"

"आले होते. मी ऐकलं ते सांगितलं."

"काय ऐकलंस?"

"तुम्ही बोललात ते." तिने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तुम्ही माझ्या पोरीच्या लग्नात हक्काची सुट्टी घालवून कपडे शिवून दिलेत, मी विसरले नाही. पण मास्टरांनी त्या दिवशी काप घेतला ना, तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. तुम्हाला दिसलं नाही. तुम्ही फडकं शोधत होता."

मला वाटलं होतं काप सरळ आला म्हणजे हातही स्थिर असेल. थरथरत्या हाताने सरळ काप घेता येतो का? मला येईल का? घरी येईपर्यंत हेच डोक्यात.

रविवार, १५

मन शांत नाही. प्रार्थनेला बसलो आणि डोळे मिटल्यावर तो पंखा दिसला. पंख्याखाली तो, समोर निळसर कापड, आणि कापड वाऱ्याने उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर वजनं. ती वजनं माझी आहेत. इस्त्रीचे जुने तुकडे मी घासून केलेली. मागायला जायची सोय नाही.

पोरीचा फोन आला. ती लांब नोकरीला आहे. "बाबा, बाकीचं नंतर. बोललात की नाही तेवढं सांगा."

मी म्हटलं, रागात माणूस काय काय बोलतो.

"बाबा, मी हो की नाही विचारलंय."

लाइन खराब आहे म्हणालो. लाइन चांगली होती.

सोमवार, १६

आज हिच्याशी बोलणं झालं. लग्नाला इतकी वर्षं झाली, इतकं सरळ ही कधी बोलली नव्हती. मी जेवत होतो. म्हटलं, तक्रारीत बघ कसं वाक्य रचून घातलंय, असं मी बोलेन का?

ही म्हणाली, "अहो, तक्रार वाचून मला नवल नाही वाटलं."

"म्हणजे?"

"तेच वाक्य तुम्ही याच पाटावर बसून बोलता. त्याला बढती मिळणार अशी कुणकुण लागली तेव्हापासून. शब्दाला शब्द तेच. मी ऐकायची आणि भांडी उचलायची. मला वाटलं, घरात बोलून मोकळे होतात, बाहेर नाही बोलणार."

"तू कधी अडवलं नाहीस."

"नाही अडवलं. तेवढा दोष माझा." मग तिने माझ्या ताटातलं उष्टं तसंच उचललं, आणि जाता जाता म्हणाली, "वकील म्हणतो तुम्ही जळत होता. जळत होताच. पण याच्या आधीच्या मास्टरवर पण जळत होता की. त्याच्याबद्दल असलं काही कधी बोलला नाहीत. तो डोकं नसलेला आहे म्हणायचा, सासऱ्याच्या ओळखीने लागला म्हणायचा. हातांबद्दल कधी बोलला नाहीत."

मी हात धुऊन उठलो.

आधीचा मास्टर आमच्यातलाच होता. वयाने माझ्यापेक्षा लहान. तेव्हाही मला डावललं होतं. त्या दिवशीची आठवण आज सारखी येते आहे. नको असताना.

बुधवार, १८

वकीलसाहेबांना सांगावं का? कापणारा कात्री कोणाला देत नाही असं आपण लिहिलं आहे, पण नव्या मास्टरच्या दिवशी देतात. आधीच्याला मी दिली होती. दोन्ही हातांनी. आदल्या संध्याकाळी धार लावून आणली होती, दाताखाली राग चावत का होईना.

फोन केला. ते म्हणाले, "हे मला सांगितलं नाहीत असं समजतो. तिथे कोणी विचारणार नाही. तुम्ही तोंड उघडू नका म्हणजे झालं."

मन हलकं झालं. आणि हलकं झालं म्हणून जरा लाज वाटली.

शुक्रवार, २०

जसं घडलं तसं लिहितो.

कोर्टाची खोली लहान, भिंतींना हात लागून लागून कमरेएवढ्या उंचीवर काळपट पट्टा उठलेला. न्यायाधीश एक बाई होत्या. सर्दी झालेली, रुमाल मुठीत. तो पलीकडच्या बाकावर त्याच्या वकिलांमागे बसला होता. राखी कोट. स्वतः कापलेला. मी ठरवलं होतं बघायचं नाही. बघितलं. खांद्यापासून पाठीपर्यंत एक सुरकुती नाही, आणि बसलेल्या माणसाच्या कोटाला सुरकुती नसणं म्हणजे काय हे त्या खोलीत फक्त आम्हा दोघांना कळत होतं.

वकीलसाहेब छान बोलले. असूया, बढती, माणसाचा स्वभाव. मग धंद्याची रीत. कात्री कोणी कोणाला देत नाही, कोणाचाही हात लागला तरी पुसतात. न्यायाधीशबाई लिहून घेत होत्या. मला वाटलं, सुटलो.

मग त्याचे वकील उठले. एकच गोष्ट म्हणाले. नव्या मास्टरला पहिल्या दिवशी कात्री देतात ही त्याच कारखान्याची रीत आहे, आणि आधीच्या मास्टरला याच अर्जदाराने आपल्या हाताने कात्री दिली होती.

वकीलसाहेब म्हणाले, याला पुरावा नाही, ही ऐकीव गोष्ट आहे.

न्यायाधीशबाईंनी नाक पुसलं आणि सरळ माझ्याकडे बघितलं. "अर्जदार आलेत ना? तुम्हीच सांगा. दिली होती?"

वकीलसाहेबांनी मागे न बघता हाताचा पंजा माझ्या दिशेने खाली दाबला. गप्प, असा.

नाही म्हणणं सोपं होतं. आधीचा मास्टर दुसऱ्या गावी गेला, विचारायला कोण जाणार? मी नाही म्हणणारच होतो. तोंड उघडलं आणि तेवढ्यात त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. तेच, माप घेतल्यासारखं. तोही त्या दिवशी तिथे उभा होता, मदतनीस म्हणून, थान धरून. त्याला माहीत होतं. मी नाही म्हणालो असतो तर ते खोटं आहे हे त्याला एकट्याला कळलं असतं, आणि जन्मभर कळत राहिलं असतं. टेबल त्याला मिळालं, पंखा मिळाला, मान मिळाला. आता माझ्यापेक्षा खरा माणूस हेही त्यालाच मिळायचं? तेवढं मी त्याला देणार नव्हतो.

"दिली होती," मी म्हटलं.

"त्यांनी वापरल्यावर पुसली होती?"

"नाही."

वकीलसाहेबांचा हात हळूच खिशात गेला.

अर्ज फेटाळला. तक्रारीत सकृद्दर्शनी तथ्य दिसतं, म्हणाल्या. वरच्या कोर्टात जाण्यासाठी सोमवारपर्यंत अटकेला स्थगिती दिली. पुढचा पुकारा झाला आणि आम्ही बाहेर आलो.

बाहेरच्या व्हरांड्यात मला वाटत होतं तो काहीतरी बोलेल. टोमणा मारेल, किंवा नुसतं दादा म्हणेल. मी मुद्दाम सावकाश चाललो. तो कठड्याशी पाठमोरा उभा राहून फोनवर बोलत होता. कारखान्याचाच फोन. "डावी बाही अर्धं बोट कमी कर. नाही, उजवी राहू दे, त्यांचा तो खांदाच खाली आहे. मी येतोय तासाभरात."

मी त्याच्या मागून गेलो. त्याने वळून पाहिलं नाही. त्याला काम होतं.

शनिवार, २१

वकीलसाहेब म्हणतात, वरच्या कोर्टात जाऊ, अजून संधी आहे, फक्त यापुढे तोंड उघडायचं नाही. मेहुणा म्हणतो, जा, पैसे मी बघतो, गादी विकली गेली आहे. हिने एका पिशवीत दोन शर्ट आणि माझा चष्मा ठेवला आहे. तो कोर्टासाठी की कोठडीसाठी, ते ती सांगत नाही, मी विचारत नाही.

वर गेलो तर पुन्हा तेच वाक्य कोणीतरी मोठ्याने वाचणार आणि मी ते माझं नाही म्हणणार. म्हणून एकदा इथे लिहून बघतो, हात उठतो का. 'ज्या हातांनी पिढ्यानपिढ्या घाण उपसली, त्या हातांनी माझ्या कात्रीला हात लावायचा नाही.'

उठला हात. अक्षरही माझंच आहे. दोन शब्द नव्हते.

पोरीला फोन केला. म्हटलं, हो. ती म्हणाली, "बरं." आणि ठेवला. लाइन चांगली होती.

रविवार, २२

सोमवारी सकाळी ठाण्यात हजर होतो आहे. वर जाणार नाही. वकीलसाहेबांना कळवलं. ते म्हणाले, तुमच्यासारखं अशील देवाने कोणाला देऊ नये. हिला सांगितलं तर तिने पिशवीत आणखी एक शर्ट घातला.

कात्रीही पोलिसांना द्यायची आहे, पुरावा म्हणून. ठाण्याच्या कोठारात गंजेल. आज दुपारी पात्यांना तेल लावलं, स्क्रू पाहिला. सवयीने हात फडक्याकडे गेला आणि मुठीपाशी थांबला. तिथे मास्टरच्या हाताचं काही राहिलेलं नाही, मला माहीत आहे, मीच पुसलं. तरी फडकं ठेवून दिलं आणि कात्री तशीच कागदात गुंडाळली.

प्रार्थनेला बसलो. त्याच्यासाठी काही मागावं असं मनात होतं. मागता आलं नाही. मनात एकच येत होतं की खिडकीपाशी माझी जागा आहे, उजेड चांगला येतो, तिथे आता कोण बसणार. आणि ते मास्टरला विचारूनच ठरणार.